लंगड्या लेथचा बूट

२१ जानेवारी, शनिवार

घेतला. इस्क्रेनला विचारलं नाही.

भंगारवाल्या किर्चोकडे गेले होते ती खुराड्यासाठी पत्रा आणायला. अंगणाच्या मागच्या टोकाला बर्फाखाली काहीतरी लांबलचक पडलेलं. एक मूठ तेवढी बर्फाबाहेर आली होती – लाकडाची. आमच्या कारखान्यात सगळ्या लेथच्या मुठी काळ्या प्लास्टिकच्या. लाकडाची एकच. आलुबुखाराच्या लाकडाची, उस्ताद पानायोतने स्वतः कातलेली. मी हातमोजा काढून बर्फ पुसला आणि तिथेच उकिडवी बसले. चौदा नंबर. उस्तादचा लेथ!

किर्चो म्हणाला, "सोमवारी गॅसने कापतोय, ताई. तुला काय करायचाय तो?"

मग घासाघीस. तोही गाब्रोवोचा, मीही गाब्रोवोची, देशभर चिक्कू म्हणून नावाजलेल्या गावचे दोघं, त्यामुळे अंधार पडत आला तरी संपेना. लोखंडाचा भाव, वजनावर. शेवटी बर्फाचं वजन धरायचं नाही हे त्याने कबूल केलं.

नंबराची पितळी पट्टी मात्र गेलेली. चार भोकं उरलीत. पितळ कोण सोडतो.

२२ जानेवारी

इस्क्रेनला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. "लोकांच्या बायका म्हातारपणी मांजर आणतात, नेवे."

"मांजर लोखंड कापत नाही."

"आणि गॅरेजमधली लाडा?"

लाडा बाहेर. पावसात चालते म्हणूनच तिला गाडी म्हणतात.

२४ जानेवारी

क्रेनवाला आला. लेथ गॅरेजच्या दारातून आत जायला दोन बोटं कमी पडत होती. दाराची चौकट काढली. इस्क्रेन बाजूला उभा राहून देवाचं नाव घेत होता, अगदी भक्तिभावाने नव्हे. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस – मागे घ्या, डावीकडे, डावीकडे म्हटलं, असं क्रेनवाल्याला शिकवत होता.

तीन फेजची वीज आहे. सासऱ्यांनी लाकूड कापायच्या यंत्रासाठी घेतली होती. देव त्यांचं भलं करो, एरवी आमचं कधी पटलं नाही.

२६ जानेवारी

एकदा लिहूनच टाकते. पुन्हा नाही लिहिणार.

अठ्ठ्याण्णव साल. कारखाना विकला गेला तेव्हा नऊ महिन्यांचे पगार थकलेले. घेणारा म्हणाला, यंत्रं भंगार आहेत असं लिहून द्या, लगेच पगार सोडतो. युनियनची प्रतिनिधी मी. एकतीस यंत्रांच्या यादीखाली सही मी केली. लोकांच्या चुली पेटल्या. उस्ताद पानायोत स्वतःचा पगार घ्यायला गेला नाही. फाटकापाशी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "चालत्या यंत्रांना तू जिवंत पुरलंस. तुझ्या घराचा उंबरठा मी ओलांडायचा नाही." पंचवीस वर्षं झाली. एवढंसं गाव, पण मी दिसले की माणूस रस्ता बदलतो.

ज्याने मला अठराव्या वर्षी टूलला धार लावायला शिकवलं, तो हा माणूस.

सही केल्याचा पश्चात्ताप नाही. दुसरा उपाय नव्हता. पण त्या यादीत चौदा नंबर त्याचा होता आणि सव्वीस नंबर माझा. माझा कुठे गेला देव जाणे. बहुधा वितळून आता कुणाच्या तरी बाल्कनीचे गज झाला असेल.

ठरवलंय ते असं. नऊ एप्रिलला फुलांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. ज्यांची नावं फुलांवरून त्यांचा नावदिवस, म्हणजे माझाही. नावदिवसाला कुणाला बोलवत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो. त्या दिवशी चौदा नंबर चालू पाहिजे आणि तो येऊन बघायला पाहिजे. बाकी मला काही नको. लिहिलं, झालं.

२ फेब्रुवारी

गंज, गंज, गंज. रॉकेल, वाळूचा कागद, पितळी ब्रश. नखं काळी झालीत. ब्रेड कापताना इस्क्रेनने सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

बेड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं आणि सरकतं तो पाया, मात्र गंजाखाली चांगला निघाला! कोणीतरी टाकून देण्याआधी त्याला ग्रीस थापलं होतं, जाड, बोटांनी. भंगारात जायच्या वस्तूला कोण ग्रीस लावतं?

८ फेब्रुवारी

आज हेडस्टॉक उचलला. तुकडा पकडणारा चक, गिअर सगळं ज्यात असतं ती पेटी. साखळीच्या कप्पीने उचलली, इस्क्रेन साखळी ओढत होता आणि मी खाली हात घालत होते. "तुझा हात चिरडला तर स्वयंपाक कोण करेल?" असं त्याचं प्रेम.

मागच्या एका कोपऱ्याखाली पत्र्याची पट्टी निघाली. बोटभर रुंद, मिठाईच्या डब्याची असावी, त्यावर गुलाबाचं अर्धं फूल. तेलात काळी झालेली. कुणा आळशाचं काम! उस्तादच्या हातून लेथ गेल्यावर कुणीतरी ठेवली असेल. पट्टी कचऱ्याच्या बादलीत टाकली, बैठक घासून आरशासारखी केली, आणि लोखंडावर लोखंड ठेवलं. असं पाहिजे.

१४ फेब्रुवारी

द्राक्षवेली छाटायचा दिवस. इस्क्रेनने चार वेली छाटल्या आणि चाळीस वेलींची वाइन प्यायला. शेजाऱ्यांसकट सगळे गॅरेजमध्ये येऊन लेथ बघून गेले. एक जण म्हणाला, यावर सॉसेज करता येतील का.

१५ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं थांबलं. अकरा वर्षं सांगत होते, काल वाइनच्या भरात इस्क्रेनने दुरुस्त केलं. त्याला रोज प्यायला द्यावी.

२१ फेब्रुवारी

निळं चोपडून घासायचं काम चालू आहे. सरकत्या भागाला निळा रंग लावायचा, बेडवर फिरवायचा, जिथे रंग उमटतो ती उंच जागा, तिथे खरवडणीने खरवडायचं. पुन्हा रंग. पुन्हा खरवड. सहा दिवस. माझे हात कोपरापर्यंत निळे. दुकानातली बाई म्हणाली, "ईस्टरची अंडी एवढ्या लवकर?"

हात विसरले नाहीत. याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. पंचवीस वर्षं बटणं आणि लोकर विकली या हातांनी, आणि त्यांना सगळं आठवतंय!

१ मार्च

आज सगळ्यांनी एकमेकांना वसंताचे लाल-पांढरे धागे बांधले. एक मी आलुबुखाराच्या मुठीला बांधला.

इस्क्रेन पेन्शनर क्लबात रोज उस्तादशी सोंगट्या खेळतो. आमच्या भांडणात तो कधी पडला नाही. म्हणतो, मला त्याच्याकडून फक्त फासे पाहिजेत. आज सहज विचारलं, क्लबात लेथचा विषय निघतो का.

"क्लबात दुसरा विषयच नाही."

"आणि तो?"

"तो सोंगटी हलवतो."

५ मार्च, रविवार

चालला! पट्टा घातला, बटण दाबलं, आधी घुं, मग एक सूर. मोठा, गोल, बिनखरखरीचा. मी रडले. इस्क्रेनला सांगितलं डोळ्यात तेल गेलं. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत एकदम कसं जाईल, आणि स्वतःच नाक पुसत राकियाची बाटली आणायला गेला.

झाकणांचे स्क्रू आवळले. सगळ्या खाचा उभ्या, एका दिशेने. उस्ताद शिकाऊंचं काम आधी तिथेच बघायचा. एक जरी खाच तिरकी दिसली तरी सगळं उकलून पुन्हा. "खाच सरळ नसेल तर डोकं सरळ नाही," म्हणायचा. कारखान्यात असं करणारे आम्ही दोघंच उरलो होतो शेवटी.

७ मार्च

वाईट बातमी. दोनशे मिलिमीटरचा तुकडा कातला. एका टोकाला मिलिमीटरच्या सात शतांशाने जाड. पुन्हा कातला. सात. मायक्रोमीटर पुसला, पुन्हा मोजलं. सात.

लेथ गाजर काततो आहे.

८ मार्च

महिला दिन. इस्क्रेनने फुलं आणली आणि विचारलं, गाजर बरं झालं का. फुलं पाण्यात ठेवली. 

१२ मार्च

बेडची पातळी तपासली. चार कोपरे, दोनदा. बरोबर.

१५ मार्च

टूल बदललं, धार बदलली, चकचे जबडे घासले. सात.

१८ मार्च

हात टेकले. बेड ठीक, चक ठीक, बेअरिंग ठीक. आणि लेथ गाजर काततो. तीन आठवडे राहिलेत. असा लेथ त्याला दाखवायचा? त्याच्या बोटांना दोन शतांश कळतात, मायक्रोमीटर लागत नाही. तुकड्यावरून अंगठा फिरवेल आणि टोपी घालून जाईल. मुळात आला तर.

इस्क्रेन म्हणतो, विचार ना त्यालाच. एका वाक्याचं काम आहे.

नाही विचारणार. पंचवीस वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर "उस्ताद, मला जमत नाही"? मेले तरी नाही.

२० मार्च

सहा.

२१ मार्च

सात. काल मोजताना माझं चुकलं होतं.

२५ मार्च, शनिवार

आज मासे तळले, सणाचे. इस्क्रेन क्लबातून उशिरा आला आणि मान खाली घालून जेवायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं.

"काय केलंस?"

"काही नाही. मासा छान झालाय."

"इस्क्रेन."

तेव्हा सांगितलं. डाव हरता हरता सहज बोलून गेला म्हणे, की नेवेनाचा लेथ एका टोकाला सात शतांश जाड काततो. उस्ताद फासे हातात धरून बसला. फेकेच ना. मग म्हणाला – पंचवीस वर्षांत माझ्याविषयी पहिलं वाक्य – "तिला विचार, फेकलं काय."

"एवढंच?"

"मग फासे फेकले आणि म्हणाला, एकोणऐंशी साली चौदा नंबर क्रेनवरून पडला होता. तेव्हापासून लंगडा आहे. लंगड्याला एका पायात जाड तळाचा बूट लागतो. बूट फेकून वर चाल सरळ पाहिजे, असं कसं चालेल. आणि मला दोनदा हरवलं."

 ती पट्टी! गुलाबाची! कुणा आळशाचं काम म्हणाले होते मी. त्याचंच काम होतं ते. आपल्या लंगड्या लेथला त्याने मापाचा बूट घातला होता, आणि मी आठ फेब्रुवारीला तो बादलीत टाकला. वर बैठक आरशासारखी केली. टर्नरच्या हातून होणारी चूक – जे घाण दिसतं ते घाणच असणार, अशी खात्री.

२६ मार्च

बादली कधीच रिकामी झालीय. तरी गॅरेजचा कोपरान् कोपरा झाडला. खुराड्यात पाहिलं. कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या.

त्याची जाडी किती होती ते मोजलं असतं तरी पुरे होतं. अंदाजाने ठेवायचं म्हणजे महिनाभर हेडस्टॉक चढव-उतरव. राहिलेत चौदा दिवस.

२८ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

फरशी पुसायला टेबल सरकवलं. पुन्हा जागेवर ठेवलं, आणि जेवताना ते डुगडुगायला लागलं. घेवड्याचं सूप अर्धं इस्क्रेनच्या पँटवर. तो ओरडत उठला, मी पायाखाली काय सरकलं ते बघायला वाकले. फरशीवर चार घड्यांचा पत्रा. वरच्या घडीवर अर्धा गुलाब.

"हे तुला कुठे मिळालं?"

"बादलीत. चांगला पत्रा होता, कोण फेकतं का? गाब्रोवोची म्हणवतेस आणि पत्रा फेकतेस?"

सहा आठवडे मी त्याच्यावर जेवत होते. इस्क्रेनला सुपासकट मिठी मारली. त्याला कळेना की त्याने गुन्हा केलाय की पराक्रम.

२९ मार्च

पट्टी उलगडली. घड्यांवर चिरली आहे, पुन्हा घालता येणार नाही. पण दोन घड्यांच्या मधल्या जागेत माप मिळालं. अठरा शतांश. माप असलं की बूट शिवता येतो.

३१ मार्च

अठरा शतांशाचा पत्रा शोधणं चालू. सार्डिनचा डबा – बावीस. मिरचीपुडीचा – पंचवीस. रंगाचा – सत्तावीस. इस्क्रेनला नाद लागलाय. मायक्रोमीटर खिशात घालून दुकानात गेला आणि डबे मोजायला लागला. दुकानातल्या बाईने विचारलं, काय करताय. म्हणाला, "सरकारी तपासणी." तिने त्याला कॉफी पाजली म्हणे.

१ एप्रिल

संध्याकाळी इस्क्रेनच्या शर्टाचं बटण तुटलं. बटणांचा डबा काढला. तो झाकणाकडे बघत बसला. "नेवे, हा गुलाब आपल्या ओळखीचा आहे."

आठ मार्चला कारखान्यात सगळ्या बायकांना मिठाईचा डबा मिळायचा, झाकणावर गुलाब. माझा पंच्याऐंशी सालचा. उस्तादने त्याचा पत्रा बायकोच्या डब्यातूनच कापला असणार. झाकण मोजलं. अठरा. तीन ठिकाणी, तिन्ही वेळा अठरा.

कापताना जरा जीव खालीवर झाला. आता बटणं बरणीत.

४ एप्रिल

हेडस्टॉक उचलला, बूट घातला, आवळला. दोनशे मिलिमीटरचा तुकडा कातला. एक टोक मोजलं. दुसरं टोक मोजलं. मग मायक्रोमीटर इस्क्रेनच्या हातात दिला.

"दोन्हीकडे सारखंच दाखवतंय," तो म्हणाला. "बिघडलाय का हा?"

नाही बिघडला, गाढवा!

५ एप्रिल

इस्क्रेनला क्लबात काही बोलायचं नाही अशी तंबी दिली. बोलवणं झालं असतं ते. नावदिवसाला बोलवत नाहीत.

८ एप्रिल

उद्या. चीज घातलेल्या बानित्साची दोन ताटं, मासे, लोणची. विलोच्या फांद्या चर्चमधून आणल्या, फाटकाला लावल्या. एक गॅरेजच्या दारालाही. कातलेला तुकडा पुसून लेथवर ठेवलाय, अंगठा फिरवणाऱ्यासाठी.

९ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

सतरा माणसं आली. किर्चोसुद्धा आला, हातात भंगारातलं घड्याळ घेऊन. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, गाणी म्हणत होते, इस्क्रेन सरकारी तपासणीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. चांगला झाला दिवस. खरंच चांगला झाला.

फाटक वाजलं की मी बघत होते. दरवेळी. चार वाजता वाजलं, खिडकीशी पोचेपर्यंत कोणी नव्हतं, वारा असेल.

तो आला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वाईट वाटलं, खूप. कुणाला दाखवलं नाही. लेथ चालतो आहे, तेवढं तरी मी केलं. आता भांडी.

१० एप्रिल

लोणच्याची बरणी ठेवायला गॅरेजमध्ये गेले. लेथवर पितळी पट्टी. १४. घासून चकचकीत केलेली. चार स्क्रू, चारही खाचा उभ्या, एका दिशेने.

कातलेला तुकडा जागेवर नाही. घेऊन गेलाय.

घराचा उंबरठा ओलांडायचा नाही म्हणाला होता. गॅरेजला उंबरठा नाही. चौकट तर आम्हीच काढली.

आलुबुखाराच्या मुठीखाली दुमडलेला कागद, पेन्सिलीने लिहिलेला. "२६ नंबर. डोंगरापलीकडे, त्सान्कोचा गोठा, मक्याच्या कणसांखाली. मीच ग्रीस लावून ठेवलाय. ईस्टरनंतरचा शनिवार, सकाळी सात. दोर आण. बूट मी आणतो."

माझा सव्वीस! दोर आहे. इस्क्रेनला सांगायचं राहिलंय.